वाचक विचारतात : साउंड कार्ड ठेवू की परत देऊ?

प्रश्न : दादा नमस्कार. मी इंदिरानगरला राहतो, बोगद्याच्या जवळच, अकाउंट्सचं काम घरूनच करतो त्यामुळे दिवसभर कानाला हेडफोन असतो. डेस्कटॉप २०१९ मध्ये असेंबल करून घेतलाय, मदरबोर्डच्या पुस्तिकेत साउंडला रियलटेकची एएलसी ८८७ चिप असं लिहिलंय. गेले काही महिने हेडफोनमध्ये बारीक चिरचिर येतेय, माउस हलवला की वाढते, मोठी एक्सेल स्क्रोल केली की तर कानात किडा शिरल्यासारखं होतं. टू पॉइंट वन स्पीकर लावले तर ही वेगळीच घुंईं. एमजी रोडचा ओळखीचा दुकानदार म्हणाला बोर्डचा साउंड असाच असतो, वेगळं कार्ड टाका. मी साउंड ब्लास्टर झेड एसई आणलं, आठ दिवसांत नाही पटलं तर परत घेतो म्हणालाय. लावलं तर आवाज एकदम उघडल्यासारखा वाटतोय, पण बायको म्हणते काही फरक नाही, उगाच पैसे घातले. डब्यावर ११६ डीबी लिहिलंय. चार दिवस गेले. ठेवू की परत देऊ, आणि हे तपासायचं तरी कसं?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : चार दिवस उरलेत, पुरे आहेत. पण आधी एक करा, राग मानू नका, कार्ड काढून डब्यात ठेवा आणि जुन्या बोर्डवरच परत या. कारण तुमच्या पत्रात तीन तक्रारी एकात एक मिसळल्यात. चिरचिर एक, घुंईं दुसरी, आणि आवाज उघडला ही तिसरी, म्हणजे ती तक्रार नाही पण तपासायची आहेच. तिघींची कारणं वेगळी असू शकतात आणि दुकानदाराने तिघींना एकच गोळी दिलीय.

घुंईंपासून सुरू करतो, कारण तिच्यापायी माझे स्वतःचे पैसे गेलेत. २००६-०७ च्या सुमाराला आम्ही सिडकोत राहायचो, माझ्या पीसीला अशीच घुंईं यायची. दोन-तीन पगारांतून साठवून पीसीआयचं कार्ड आणलं, बसवलं, घुंईं जशीच्या तशी, उलट बाकीचा आवाज स्वच्छ झाल्यामुळे जास्तच ठळक. बदलून दुसरं आणलं, तेच. मग एकदा दिवाळीची आवराआवर करताना सीपीयू पुढे ओढला, तर मागे टीव्ही ट्यूनरमध्ये, म्हणजे पीसीवर टीव्ही बघायच्या कार्डात, खोचलेली केबलची वायर निसटली आणि खोली अशी शांत झाली की मला वाटलं लाइट गेले. ती केबल गच्चीवरून दोन-तीन बिल्डिंगा ओलांडून यायची, तिची अर्थिंग कुठेतरी लांब आणि माझ्या सॉकेटची अर्थिंग इथे, दोन्हींत थोडा फरक, आणि त्या फरकाचा करंट माझ्या स्पीकरच्या वायरीतून फिरत होता. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घुंईं ५० आणि तिच्या पटीत म्हणजे १००, १५० वर येते, खर्जातली. कार्ड बदलून ती जात नाही कारण ती कार्डात नसतेच.

तेव्हा तुमच्या स्पीकरची ऑडिओ पिन पीसीतून काढा आणि मोबाइलला लावा, मोबाइल चार्जरवर नको. घुंईं गेली तर लूप आहे, राहिली तर स्पीकरचाच आतला सप्लाय गेलाय, त्याला रिपेअरवाला. लूप असेल तर पीसी, मॉनिटर, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा, आणि नेटच्या राउटरपासून प्रिंटरपर्यंत जी जी वायर पीसीला जाते ती एकेक काढून बघा. आणि हो, काही महाभाग प्लगची अर्थिंगची मोठी पिन काढून टाकायला सांगतात, घुंईं जाते म्हणे. जाईलही. पण उद्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, काही शॉर्ट झालं तर कॅबिनेटच्या पत्र्यात करंट येईल. ते करायचं नाही म्हणजे नाही.

आता चिरचिर. मी पैज लावायला तयार आहे की तुम्ही हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या भोकात लावत होतात. सगळेच लावतात, सोयीचं पडतं. एकदा डावीकडचा पत्रा काढून त्या भोकाची वायर डोळ्यांनी बघा. पुढच्या पॅनेलपासून निघते, हार्ड डिस्कच्या बाजूने, ग्राफिक्स कार्डच्या पोटाखालून, बोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या ऑडिओच्या पिनांपर्यंत जाते, स्वस्त कॅबिनेटमध्ये तिला शील्डिंग, म्हणजे बाहेरचा नॉइज अडवणारं जाळीचं वेष्टण, नावालाच असतं किंवा नसतंच. बऱ्याच वेळा पुढचे यूएसबी आणि ऑडिओ एकाच छोट्या पीसीबीवर असतात, ग्राउंडही एकच. यूएसबीचा डेटा एक मिलिसेकंदाच्या ठेक्यात चालतो, म्हणजे १ किलोहर्ट्झ, आणि हायस्पीडवाला त्याच्या आठपट ठेक्यात. हे दोन्ही आकडे कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच पडतात. माउस हलला की चिरचिर वाढते ती अशी. ग्राफिक्स कार्डचंही तसंच, स्क्रोल केलं की त्याचा करंट वरखाली होतो आणि तो ग्राउंडमध्ये उमटतो.

म्हणून तोच हेडफोन मागच्या हिरव्या भोकात लावा. वायर पुरत नसेल तर एक्स्टेन्शन घ्या, पन्नास-शंभर रुपयांचं येतं. चिरचिर गेली तर तुमची तक्रार मिटली, आणि या तक्रारीसाठी कार्ड नको होतं. इथे एक गंमत लक्षात घ्या, कार्ड लावल्यावर तुम्ही हेडफोन बहुतेक मागे कार्डाच्याच भोकात लावला असणार, म्हणजे तुलना झाली बोर्डच्या पुढच्या भोकाची आणि कार्डाच्या मागच्या भोकाची. मग कार्ड जिंकणारच.

उघडलेला आवाज. क्रिएटिव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रिस्टलायझर, सराउंड, बास वगैरे बटणं असतात, ती चालू आहेत का बघा आणि असतील तर सगळी बंद करा, विंडोजच्या साउंडमधल्या एन्हान्समेंट्सही बंद, रियलटेकच्याही. क्रिस्टलायझर म्हणजे मिसळीत वरून तर्री ओतण्यासारखं आहे, पहिला घास भारी लागतो पण त्यावरून खालची मटकी कशी शिजलीय ते कळत नाही. आवडत असेल तर खुशाल लावा, पण कार्ड तपासताना नको. असली प्रक्रिया सॉफ्टवेअरमध्ये फुकटही करता येते, त्यासाठी कार्ड लागत नाही.

डब्यावरच्या ११६ बद्दल थोडं सांगतो. तो सिग्नल आणि नॉइज, म्हणजे गाणं आणि मागची खरखर, यांतला डेसिबलमधला फरक, खोटा नाहीये. तुमच्या ८८७ चा डेटाशीटमधला आकडा ९७ आहे. कागदावर बोर्ड हरला. पण ऑडिओ सीडी १६ बिटची असते आणि तिची सगळी रेंज साधारण ९६ डीबी, म्हणजे बोर्डवरची चिप सीडीपुरती कागदावर तरी पुरते. शिवाय तुम्ही बोगद्याजवळ राहता, मुंबई-आग्रा हायवे उशाशी, वर पंखा. अशा खोलीची शांतता म्हणजे ४० डीबीच्या आसपास धरा, रात्री. तुम्ही ८० ने ऐकलं तरी मधे ४० चीच जागा राहिली, हेडफोनने बाहेरचं थोडं अडतं म्हणून अजून काही वाढवा. ९७ आणि ११६ मधला फरक त्या पंख्याखाली कधीच गाडला गेलाय. अडचण चिपच्या आकड्यात नसते, चिपपासून तुमच्या कानापर्यंतच्या तारांत असते. हे जर दुकानदाराला सांगितलं तर तो चहा पाजणार नाही.

पण एका गोष्टीत कार्ड खरंच वेगळं वाजू शकतं, आणि ती डब्यावर लिहिलेली नसते. आउटपुटचा स्वतःचा रेझिस्टन्स. बऱ्याच बोर्डांवर चिपच्या पुढे जॅकजवळ ७५ ओहमसारखा रेझिस्टर टाकलेला असतो, स्पीकरला त्याचा काही फरक पडत नाही पण हेडफोनला पडतो. समजा हेडफोन ३२ ओहमचा आहे. साध्या हेडफोनचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात, १०० हर्ट्झच्या आसपास ते वाढतात, समजा ६४ झाले. आता ७५ मागून आले की मधल्या सुरांना व्होल्टेजचा ३० टक्के वाटा मिळतो आणि त्या खर्जाला ४६ टक्के. हा झाला पावणेचार डीबीचा फरक, आणि तो कुणालाही ऐकू येईल, वहिनींनाही. म्हणजे बोर्डवर तबल्याचा डग्गा फुगतो आणि कमी रेझिस्टन्सवाल्या आउटपुटवर तो आवळून येतो, आणि आपल्याला वाटतं आवाज उघडला. ठोकताळा असा की हेडफोनच्या ओहमचा आठवा हिस्सा किंवा कमी असला की चिंता नाही, ३२ ला ४.

हे घरी मोजता येतं. जुन्या ऑक्स वायरचं एक टोक कापा, आतल्या तारा सोला, मल्टिमीटर एसीवर ठेवा. ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ३०० हर्ट्झचा टोन बनवा, हलक्या आवाजात लावा, आणि एका चॅनेलची तार आणि ग्राउंड यांत व्होल्टेज बघा. मग त्याच दोन टोकांत ३३ ओहमचा रेझिस्टर लावून परत बघा. व्होल्टेज निम्मं झालं तर आउटपुटचे ३३ ओहम, तिसऱ्या हिश्शावर आलं तर ६६. पाव वॅटचा रेझिस्टर चालतो, एखाद-दोन रुपयांचा. बोर्ड आणि कार्ड दोन्हींचं मोजा आणि कागदावर लिहून ठेवा.

नॉइजही डोळ्यांनी बघता येतो. दोन्ही बाजूंना पिन असलेली छोटी वायर घ्या, मागच्या हिरव्या भोकातून निळ्या लाइन इनमध्ये, गुलाबी माइकच्या भोकात नाही, आणि ऑडॅसिटीत काहीही न वाजवता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, त्यातले दहा सेकंद माउस गोल गोल फिरवा. मग त्या तुकड्याचा स्पेक्ट्रम काढा, म्हणजे कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे त्याचा आलेख. ५० आणि १०० वर सुळके दिसले तर विजेची घुंईं, १ हजारावर आणि ८ हजारावर दिसले तर यूएसबी. राइटमार्क ऑडिओ अ‍ॅनालायझर नावाचं फुकट सॉफ्टवेअर याच वायरीवर सगळे आकडे छापून देतं, फक्त एवढं ध्यानात ठेवा की या मापात ऐकवणारा भाग आणि रेकॉर्ड करणारा भाग दोन्ही येतात, आणि रेकॉर्डिंगची बाजू कच्ची असेल तर बिचाऱ्या दुसऱ्याला बोल लागतो.

एवढं झालं की मग कान. आवाज आधी बरोबरीत आणायचा, कारण जरासा मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो, मोठा न वाटता चांगला वाटतो, हीच तर फसगत. स्प्लिटर, म्हणजे एका भोकाची दोन करणारी वायर, लावून हेडफोन जोडलेला असतानाच मल्टिमीटरवर दोन्हीकडचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत आणा, म्हणजे फरक ०.१ डीबीच्याही खाली जातो. मग वहिनींना सीपीयूमागे बसवा, त्यांना निकालात रस आहे म्हणजे लबाडी होणार नाही. त्यांनी दर वेळी नाणं उडवायचं आणि छापा-काट्याप्रमाणे पिन बोर्डात किंवा कार्डात लावायची, तुम्ही पाठ करून बसायचं आणि पिन बसल्यावरच हेडफोन कानाला लावायचा, नाहीतर खट आवाजावरून ओळखाल. रोजची ऐकण्यातली दोन गाणी घ्या, फार नवी नकोत. १६ वेळा. १२ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलं तर तुम्हाला फरक ऐकू येतो असं मी मान्य करीन, नुसत्या अंदाजाने तेवढे यायची शक्यता शेकडा ४ च्या आत आहे. ९-१० आले तर कार्ड घेऊन संध्याकाळीच एमजी रोडला जा, पार्किंग मिळालं तर.

माझा अंदाज मागितलात तर कार्ड परत जाईल. चिरचिर मागच्या भोकात थांबेल, घुंईं एक्स्टेन्शन बोर्डवर. मागच्या भोकातही चिरचिर राहिली तर कार्डाआधी यूएसबीचा छोटा साउंड डोंगल मागच्या पोर्टला लावून बघा, काही शेकड्यांत काम होतं, फक्त तोही वीज पीसीकडूनच घेतो म्हणून स्पीकरची घुंईं त्याने जाईलच असं नाही. स्पीकरला ऑप्टिकल इनपुट असेल तर उत्तम, त्यातून नुसता प्रकाश जातो, तांबं नाही, लूप तिथेच तुटतो. आणि कार्ड ठेवायचं कधी? तुमच्याकडे २५० किंवा ३०० ओहमचा हेडफोन असेल आणि बोर्डवर आवाज पुरत नसेल तर, किंवा जुना फाइव्ह पॉइंट वन रिसीव्हर आहे ज्याला एचडीएमआय नाही आणि गेमचा सराउंड ऑप्टिकलने पाठवायचाय, तर. पत्रात दोन्ही दिसलं नाही.

प्रश्न : नमस्कार दादा, मी नाशिकरोडला गाण्याचे क्लास घेते, निम्मे विद्यार्थी बाहेरगावचे म्हणून ऑनलाइन. दोन अडचणी आहेत. तानपुरा मुलांना ऐकूच जात नाही, मधेच गायब होतो. आणि कंडेन्सर माइक घेतलाय तो पीसीला चालत नाही, त्यासाठी चांगलं साउंड कार्ड घ्यावं का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ताई, साउंड कार्ड घेऊ नका, तुमचं काम त्याचं नाहीच. मोठ्या तीन पिनांच्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच वायरीतून जाणारी वीज, लागतो, पीसीच्या गुलाबी भोकातून, मग ते बोर्डचं असो की महागड्या कार्डाचं, जेमतेम दोन-चार व्होल्ट मिळतात. तुम्हाला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक पीसीला जोडणारा बाहेरचा डबा, हवा, एक माइक आणि एक हार्मोनियमसाठी असा दोन इनपुटचा घ्या, पुढे गरज लागतेच. घेताना दोन्ही भोकांना माइक लागतो ना आणि ४८ व्होल्टचं बटण आहे ना एवढं दुकानात डोळ्यांनी बघा. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा आला की ताल हलतो, तर बफर, म्हणजे पीसी एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा घेतो तो, १२८ किंवा २५६ सॅम्पलवर ठेवा, ४८ हजारच्या रेटला २५६ म्हणजे सव्वापाच मिलिसेकंदांच्या आसपास. त्यापेक्षा सोपं, इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं ते दाबा, मग पीसीचा फेराच नाही.

तानपुऱ्याचं मात्र हार्डवेअरशी काही घेणं नाही. मीटिंगच्या अ‍ॅप्सना सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी वाटतो आणि ते तो पुसून टाकतात. आपला तानपुरा म्हणजे सतत एकसारखा आवाजच की हो, त्या बिचाऱ्याची किंमत पंख्याएवढी. झूममध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स म्हणून सेटिंग आहे, ते सेटिंगमधून आधी चालू करून ठेवायचं आणि मग प्रत्येक मीटिंगमध्येही वर डावीकडे चालू आहे का बघायचं. मग मात्र कुकरची शिट्टीही जाईल मुलांना. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर माइकमध्ये करकर येत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा असणार, लॅपटॉप असेल तर तेवढा वेळ बॅटरीवर चालवा.

प्रश्न : बाबांच्या पेटीत साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड सापडलं, त्यांनी २००१ ला घेतलेलं. माझ्या नव्या पीसीत टाकता येईल का? ते म्हणतात आताच्यापेक्षा तेच भारी होतं.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : बाबा त्यांच्या काळापुरते शंभर टक्के बरोबर आहेत. तेव्हा बोर्डवरचा साउंड म्हणजे नुसती खरखर, आणि गेममधला आवाज कुठल्या दिशेने येतो याचं गणित हे कार्ड स्वतः करायचं, प्रोसेसरवर भार न टाकता. २००७ ला व्हिस्टा आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने आवाजाची ती हार्डवेअरची वाटच बंद केली, आणि त्या कार्डांची अर्धी मिजास तिथेच संपली. तुमचं कार्ड जुन्या पांढऱ्या पीसीआय स्लॉटचं आहे, नव्या बोर्डवर तो स्लॉट बहुतेक मिळणार नाही. शिवाय त्याच्या पोटात सगळं ४८ हजारवरच चालतं, म्हणजे सीडीचे ४४,१०० आधी बदलून घेतं, आणि त्या काळी त्यावरून भांडणं व्हायची. एखादा जुना पीसी पडून असेल तर त्यात लिनक्स टाका, त्याचा ड्रायव्हर आजही आहे, लावताच चालतं. एका रविवारी बाबांना सोबत घेऊन बसा, कार्डाचे कॉन्टॅक्ट खोडरबरने पुसून घ्या आधी.

प्रश्न : गेममध्ये पावलांचा आवाज कुठून येतो ते कळण्यासाठी सेव्हन पॉइंट वन हेडसेट घेऊ की कार्ड?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : दोन्ही नको. विंडोजमध्ये सराउंडचा भास देणारं विंडोज सॉनिक फुकट आहे, स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून चालू होतं, साध्या स्टिरिओ हेडफोनवर. मात्र गेममध्ये स्वतःचा हेडफोन मोड असेल तर तोच ठेवा आणि हे बंद करा, दोन्ही एकदम चालू ठेवले तर पावलं पाठीमागून येतात की शेजारच्या फ्लॅटमधून तेच कळत नाही.